हरचंदचं ताट

२२ एप्रिल १९९२, चोपडा

पोचलो बुवा एकदाचा! नागपूरहून भुसावळ, तिथून एसटी. उन्हानं टाळकं तापलं होतं, पण उतरल्या उतरल्या स्टँडसमोर शेवभाजी चापली. नाकातून पाणी आलं तरी दुसरी वाटी मागवलीच. मग पोस्टात जाऊन हजर झालो. साहेबांना वाटलं, शिक्षेची बदली असणार. मी मागून घेतली म्हटल्यावर त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. न्याहाळेनात का!

चौतिशी आली. आई-बाप गेले, लग्न झालं नाही. दरवर्षी सणाला कुणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून जेवायचं आणि हात पुसत खोलीवर यायचं, याचा मला वीट आलाय. बाप एवढंच सांगून गेला की आपण मूळ चोपड्याकडचे. त्याची आजी कडेवरचं पोर घेऊन इथून निघाली ती वऱ्हाडात पोचली. का निघाली, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण या मुलखात आपल्या रक्ताचं कुणीतरी असणारच. ते शोधायचं आणि पुढच्या सणाला त्यांच्या पंगतीत बसायचं, बस्स.

२७ एप्रिल

आज तालुक्याच्या रेकॉर्डात धूळ खाल्ली, पण फळली. गावोगावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात असते, आणि ती सगळी मोडीत. मला त्यातलं ओ की ठो कळेना. एका निवृत्त कारकुनांना चहा पाजून बसवलं. त्यांनी आजोबांचा जन्म काढून दिला. गाव तापीकाठचं, इथून सायकलनं जाण्यासारखं. बापाचं नाव हरचंद. म्हणजे माझा पणजोबा! मी ते नाव तिथल्या तिथे चारदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. कारकून हसले. हसोत.

२९ एप्रिल

सापडले! माझी माणसं सापडली. गावात शिरून नुसतं कूळ सांगितलं तर लोकांनी थेट कौतिकआबांच्या ओट्यावर नेऊन बसवलं. त्यांचा पणजा आणि माझा पणजा सख्खे भाऊ. आबांनी मला असं कवटाळलं की चष्मा वाकला. त्यांची बायको शेवंताबाई, गावाची अक्का. तिनं विचारलंसुद्धा नाही, ताट वाढलं. मुलगे दोन. थोरला लीलाधर भारी खोडकर, मला लगेच ‘पोष्टमन भाऊ’ म्हणायला लागला. धाकटा बन्सीलाल अबोल. दोघांना मुली बघणं चालू आहे. आबांनी हुकूमच सोडला की भाड्याची खोली सोड, वळकटी इकडे आण.

एकच गोष्ट खटकली. हरचंदचं नाव काढलं तर आबा म्हणाले, जुन्या माणसांचं कोणाला काय माहीत, आणि अक्काला चहा ठेवायला सांगितलं. चहा नुकताच झाला होता.

२ मे

केळीच्या मळ्यात लिंबाखाली या घराच्या पितरांचे दगड आहेत, प्रत्येकावर माणूस कोरलेला आणि खाली नाव. हरचंदचा मात्र नव्हता. हिंडता हिंडता पाटाच्या कडेला एक दगड पालथा पडलेला दिसला. मजूर त्यावर पाय देऊन चिखल धुतात. माझं डोकंच फिरलं. लीलाधरला हाक मारली, दोघांनी पहार घालून उलटवला. उगारलेली कुऱ्हाड घेतलेला माणूस, खाली हरचंद. लीलाधर म्हणाला, राहू दे, आबा याला हात लावू देत नाहीत. मी त्याला झापलं. पूर्वज पायाखाली घालता, लाज नाही वाटत? बिचाऱ्यानं पुन्हा पहार उचलली. मग दोघांनी दगड लिंबाखाली उभा केला आणि मी शेंदूर फासला.

आबा चोपड्याच्या बाजाराला गेले होते. त्यांना आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच कळू दे. खूश होतील.

५ मे, आखाजी

आज काय लिहू नि काय नको! इथं आखाजीला पितरांची घागर भरतात. घागरीवर आंबा ठेवतात, उंबऱ्यावर एकेका पितराच्या नावानं कुंकवाचं बोट ओढतात, मग निखाऱ्यावर घास टाकून नाव घेतात. ती आगारी. त्यानंतर एका जिवंत माणसाला पितर म्हणून पाटावर बसवायचं, पोटभर जेवू घालायचं, विडा द्यायचा आणि उंबऱ्याशी निरोप द्यायचा की आता जा, पुढच्या आखाजीला या.

थोरल्या शाखेचा म्हणून आगारीचा मान मला दिला. आबा नावं सांगत गेले, मी घास टाकत गेलो. शेवटचा घास मी माझ्या मनानं टाकला आणि म्हणालो, हरचंद. अक्काच्या हातून तांब्या पडला. आबा पांढरे पडले. म्हणाले, नाव घेतलं गेलं, आता उपाशी ठेवता येत नाही. जेवू घाला आणि लवकर वाटेला लावा. पाटावर लीलाधरच बसला होता. जेवला तो किती! सांजोऱ्यांची चळत संपली, पण एरवीची एक थट्टा नाही. उंबऱ्याशी निरोप द्यायला मला पुढे केलं. त्याच्याकडे बघताना मला बाप आठवला, त्याची ती भाड्याची खोली आठवली. माझे डोळे भरून आले.

मी म्हणालो, “जाऊ नका. इथंच राहा.”

आबा मट्कन खाली बसले. लीलाधर वळला आणि घरात आला.

७ मे

लीलाधरनं सकाळी बैल मारला. पांढरा, त्यानंच वाढवलेला. कुऱ्हाडीनं मानेवर घाव घातले आणि बैल पडल्यावरही घालत राहिला. बन्सीलालनं मागून मिठी मारली तेव्हा थांबला. कपड्यांवर रक्त, तसाच जेवायला बसला.

मग अक्कानं सगळं सांगितलं. हरचंदनं बांधाच्या भांडणात आपले भाऊ झोपेत तोडले. लेकरं तोडली. एक तान्हं मूल कोठीत लपवलं होतं ते तेवढं वाचलं, त्याचा वंश म्हणजे आबा. गावानं हरचंदला तिथंच ठेचला. दगड मांडला तो पालथा, त्यानं पुन्हा घराकडे बघू नये म्हणून. नाव कोणी घ्यायचं नाही. आणि मी मूर्ख, त्याला हाक मारून घरात घेतलं.

मी विचारलं, आता काय करायचं? अक्का म्हणाली, “ज्यानं बोलावलं त्यानंच वाटेले लावा लागते. तू त्याले राहा म्हनला, भाऊ. आता तूच जा म्हन.”

म्हणजे लीलाधरला पुन्हा पाटावर बसवायचं, जेवू घालायचं, आणि मी निरोप द्यायचा. उद्या अक्का स्वयंपाक करेल. होईल. झालंच पाहिजे.

८ मे

आबा गेले.

लीलाधर ताटावर येईना म्हणून ते मळ्यात समजवायला गेले. बन्सीलालनं लांबून पाहिलं. लीलाधरनं केळीचा घड उतरवावा तसा एका घावात आबांचा हात उतरवला, मग मान. कुऱ्हाड टाकून पळाला. पोलीस आले. मी आबांना उचललं तेव्हा माझा सदरा चिंब झाला.

माझ्यामुळे. दुसरं कोणामुळे?

१० मे

दोन्ही वेळा ताट घेऊन केळीत फिरतो. लीलाधर, ये, जेव, हाका मारतो. घसा बसला. पानं हलतात, कोणी येत नाही. अक्का आणि बन्सीलाल, एवढीच आता माझी माणसं उरली. त्यांना काही होऊ देणार नाही. अक्काला म्हटलं, पाचोऱ्याला भावाकडे जा. आबांचे दिवस झाल्याशिवाय हलणार नाही म्हणते.

१२ मे

बन्सीलाल —

गोठ्यात. भरदुपारी. तोंड ओळखू येत नाही. मी ओसरीवर पडलो होतो, डोळा लागला. अक्काच्या किंकाळीनं उठलो.

लीलाधर इतक्या जवळ येऊन गेला आणि मी झोपलो! उजवा खांदा ठणकतोय. आडवा पडल्यानं असेल.

१३ मे

लीलाधर सापडला. मळ्यापलीकडच्या पडक्या विहिरीत. फुगलेला. फौजदार म्हणाले, आबांना मारलं त्याच दिवशी यानं उडी घेतली असणार.

त्याच दिवशी.

मग बन्सीलालला कोणी —

नखांत काळं आहे. घासलं. जात नाही.

१४ मे

निघून जायचं ठरवलं. मी नसलो तर अक्का वाचेल. एसटीत बसलो, तिकीट काढलं. मग एकदम केळीत उभा होतो. पायाशी हरचंदचा दगड. हातात —

फौजदारांना सांगितलं, मला अडकवा. त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, धक्का बसलाय, घरी जा.

घरी!

अक्काला सगळं खरं सांगितलं, बन्सीलालचंसुद्धा. ती रडली नाही. उठून सांजोऱ्यांचा रवा भिजवायला लागली.

१५ मे

ज्यानं बोलावलं त्यानं घालवायचं. मीच बोलावलं. मीच — स्वतःला कसं जा म्हणायचं? उंबऱ्याशी उभा राहून म्हणालो. जा. जा. तोंड माझं हसलं. मी नाही हसलो.

चूल पेटलीय. तळणाचा वास. अक्काला म्हटलं, आतून कडी लाव. आवाज माझा नव्हता. ती म्हणाली, जेव बाप्पा, पोटभर जेव, मी सांगेन त्याले जा म्हनून. माझे दोन्ही लेक गेले, तुले जाऊ देनार नाही.

तुझं ऐकणार नाही तो. अक्का, तुझं नाही ऐक —

खांदा आपोआप वर उठतोय. डाव्या हातानं लिहितो. उजवा —

ताट घेऊन येतेय. पदर खोचलेला. लेकाला वाढावं तशी —

अक्का मागे हो. अक्का उंबरा ओलांडू न