करकरणाऱ्या टाकीखालच्या अंगणवाडीबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
ग्रामीण पाणीपुरवठा उपविभाग.

अर्जदार: श्रीमती अल्का देवीदास मेश्राम, अंगणवाडी मदतनीस, मौजा पिंपळटोला, जि. गोंदिया.

विषय: पाण्याच्या टाकीच्या आवाजाचे वर्णन सादर करणे व टाकी तात्काळ रिकामी करणेबाबत.

संदर्भ: "आवाज येतो म्हणजे नेमका कसा, ते स्पष्ट करावे" ही आपल्या कार्यालयाची लेखी विचारणा.

महोदय,

१. अर्जदार काम करते ती अंगणवाडी टाकीच्या पायाशीच आहे. सध्या धानकापणी सुरू असल्याने आया पोरांना सकाळीच सोपवून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जातात. पोरांची जोखीम अर्जदारावर आहे.

२. मागितलेले वर्णन असे: पाणी चढू लागले की जुन्या खाटेसारखी कुरकुर होते. टाकी अर्धी झाली की झोपेत कुणी दात खावे तशी करकर. भरत आली की आवाज बारीक होऊन चिरकतो. न झेपणारे पोते उचलताना माणसाचा गळा चिरकतो, तसा. शेजारच्या धुरपताबाई म्हणतात, "बाई, टाकी कन्हून राहिली." हा शब्द कार्यालयास चालत नसल्यास "कर्कश" असे नोंदवावे, अर्जदाराची हरकत नाही.

३. आपल्या कार्यालयाचे साहेब पाहणीस आले तेव्हा टाकी गप्प होती, हे खरे आहे. त्यात गावाचीच चूक झाली. पाणी सोडणारे भैय्यालाल म्हणाले, "साहेब येऊन राहिले, टाकी चकाचक दिसली पायजे." पाहुणा येणार म्हटले की घर सारवायचे, ही आपली रीत. म्हणून आदल्या दिवशी टाकी रिकामी करून घासली, खांबांना चुना फासला. भेगा चुन्याखाली गेल्या आणि रिकाम्या टाकीने चकार शब्द काढला नाही. साहेबांनी पोहे खाऊन "आवाज आढळला नाही" असा शेरा दिला. गावाने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

४. पोरे मात्र भीत नाहीत. खिचडी खाता खाता त्या चिरक्या आवाजाची नक्कल करतात.

५. आज सकाळी टाकी काठोकाठ भरली आणि काहीच आवाज झाला नाही. भैय्यालाल म्हणाले, "झाला ना बंद! कायले भेतेस?" टाकी कुरकुरते तोवर तग धरून आहे, एवढाच अर्जदाराला धीर होता. तिने पोरांना बुद्धविहारात नेले. वरिष्ठांची परवानगी घेतली नाही. कारवाई झाल्यास ती सोसेल.

६. साहेबांनी चांगली ठरवलेली टाकी लेखी हुकमाशिवाय रिकामी करणार नाही, असे भैय्यालाल म्हणतात. तरी हा अर्ज आणणाऱ्याच्या हातीच हुकूम द्यावा. अर्जदार उगाच भिते, हे गावाला दाखवण्यासाठी भैय्यालाल टाकीखाली खाट टाकून बसले आहेत.

आपली भयभीत व नम्र,
(सही)
अल्का देवीदास मेश्राम
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२४

सोबत: आज दुपारी त्या खाटेजवळ पडलेला सिमेंटचा पोपडा, कागदात गुंडाळून.