दारापर्यंतची गोष्ट

५ ऑक्टोबर, शनिवार

मंडळात आज मी रडले नाही, म्हणून बाकीचे सगळे रडले!

नेहमीप्रमाणे वाचनालयाच्या माडीवर पानं पालथी मांडलेली. आमच्या लेखक मंडळाचे नियम मास्तरांनी घातलेले. शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं त्यांचं, पण नियम फौजेचे! लिखाण आठवडाभरात मंडळातल्याच झेरॉक्सवालीकडे द्यायचं. ती टाइप करते, म्हणजे अक्षरावरून कोणी ओळखू नये. नाव घालायचं नाही. ज्याच्या हाताला जे पान येईल ते त्यानं वाचायचं. आपलंच आलं तरी मुकाट्यानं वाचायचं आणि चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

माझ्या हाताला आलेल्या पानात एक माणूस होता. आईला आणि बायकोला सोडून गेलेला. परक्या गावात बेकरीच्या वरच्या खोलीत राहतो. शर्ट स्वतः धुतो, आधी कॉलर. एका संध्याकाळी उठतो, आपल्या गल्लीत येतो, जिना चढतो, दार वाजवायला हात उचलतो. संपलं.

मी औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसं वाचलं. मान वर केली तर आमच्या मंडळातली नर्स रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होती. मास्तर चष्मा पुसत होते. "अखेर लिहिलंत," म्हणाले.

सगळ्यांना वाटलं, माझंच पान मला आलं. वाटणारच. माझा नवरा गेल्या हिवाळ्यात "शोधू नका" एवढाच निरोप पाठवून निघून गेला, हे मंडळात कोणाला ठाऊक नाही? तेव्हापासून मी एक ओळ लिहिलेली नाही. जाते, बसते, चहा पिते, येते.

"हे माझं नाही" म्हणायला हवं होतं. कंटाळा आला. खरंच – कंटाळा!

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत पेंगत होत्या. घरी एकटं करमत नाही म्हणून माझ्याबरोबर येतात. परतताना एवढंच म्हणाल्या, "बरं वाचलंस."

६ ऑक्टोबर, रविवार

काही नाही. भांडी, कपडे, झोप.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दातांच्या लॅबमध्ये दिवसभर एकाच कवळीला पॉलिश. गिऱ्हाइकाला पुढचे दात पांढरेफेक हवेत. मी डॉक्टरांना म्हटलं, या वयाच्या तोंडात हे शोभायचे नाहीत. "देऊन टाका हो, हसायचं त्याला आहे," म्हणाले. दिले.

मशीन चालू होतं आणि पानातलं एक वाक्य अचानक डोक्यात आलं – अंघोळीआधी तो नळ सोडून नुसता उभा राहायचा, पाण्याचा आवाज ऐकत. हात थांबला. कवळी सुटून खाली पडली. नशीब, फुटली नाही.

ही माझ्या नवऱ्याचीच सवय. मी कोणाला सांगितलेली नाही. मंडळात नाही, नर्सला नाही, माहेरी नाही. सांगण्यासारखी ती गोष्ट तरी आहे का? मग लिहिणाऱ्याला कशी कळली?

लिहिणारा तोच आहे! दुसरं कोण? मी शनिवारी कुठे असते ते त्याला माहीत आहे. गावात आलाय, पान देऊन गेलाय.

आनंद व्हायला हवा होता. जरा थांबून पाहिलं, होतोय का. नाही झाला. कवळी उचलून पुन्हा मशीनला लावली फक्त.

९ ऑक्टोबर, बुधवार

कामावरून थेट झेरॉक्सच्या दुकानात.

"ते पान कोणी आणून दिलं?"

"शपथ आहे गं मला! मास्तर मंडळातून काढतील."

"निदान पुरुष होता की बाई?"

ती कागदांचा गठ्ठा ठोकून ठोकून सरळ करत राहिली. "मला कशाला अडचणीत आणतेस? लिहिणाऱ्याला सांगावंसं वाटलं की सांगेल."

"परत येणार आहे का ते माणूस?"

"येणार की! एवढं कौतुक झालं. चांगलाच हुरूप आलाय."

हुरूप! घर टाकून गेलेल्या माणसाला हुरूप! रस्त्यात मला हसू फुटलं. एक बाई वळून बघायला लागली.

सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांचं काळीज आधीच अर्धं झालंय. उगीच आशा लावायची आणि मग त्यांना सावरत बसायचं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळी दार वाजलं. मी स्वयंपाकघरात ओटा घट्ट धरून उभी राहिले. सासूबाईंनी उघडलं. खालच्या मजल्यावरची शेजारीण – इस्त्री मागायला! इस्त्री दिली. नंतर मी दोनदा जाऊन दाराची कडी तपासून आले. आशा लागली की असं होतं, असं मी स्वतःला समजावलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज मास्तर उभे राहून म्हणाले, "वार्षिक अंकात पहिलं लिखाण यांचं. नावानिशी छापू."

टाळ्या. आता गप्प राहणं शक्यच नव्हतं. त्याचं लिखाण माझ्या नावावर? म्हटलं, "ते माझं नाही."

"लाजतेस काय एवढी!" नर्स.

"लाजत नाही. खरंच नाही माझं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी जिन्याच्या दाराकडे बघत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "माझं आहे ते."

सासूबाई! डोळे टक्क उघडे. या बाई पेंगत नव्हत्याच कधी!

मास्तरांची बोबडी वळली. "आपण... लिहिता?"

"इथे बसून बसून शिकले. तुम्ही सांगता इतकं काही अवघड नाही."

हशा! झेरॉक्सवाली सुटली एकदाची. "तुमचं अक्षर लावता लावता माझे डोळे फुटायची वेळ आली हो आजी!"

रस्त्यात मी विचारलं, "आई, नळाचं तुम्हाला कसं माहीत?"

"अगं, लहानपणापासूनची खोड त्याची. बादली भरून वाहायची, मी बाहेरून ओरडायची. तुला काय वाटलं, लग्नानंतर लागली?"

इतकी कशी मी खुळी! ज्यांनी त्याला न्हाऊ घातलं, त्यांनाच विसरले. म्हणजे तो आलेला नाही. तो गावात नाही, गल्लीत नाही, कुठेच नाही. सासूबाई माझा हात धरून चालत होत्या. मला वाईट वाटलं ते त्यांच्यासाठी.

घरी येऊन पोटभर जेवले. आडवी झाले तशी झोप लागली. कितीतरी दिवसांनी.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सासूबाईंनी माझ्यासमोर कोरे कागद ठेवले. "पुढचं तू लिही. मला तो दारापर्यंतच दिसतो. आत आलेला दिसतच नाही बघ, काही केल्या. तू उघडलंस तर येईल."

लिहायला बसले. आणि लिहिता येतंय! भराभर येतंय! तो दार वाजवतो. मी आतून विचारते, कोण? तो म्हणतो, मी. खोडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं, पुन्हा लिहिलं. दर वेळी मी दार उघडत नाही.

सासूबाई बाहेरून विचारताहेत, "झालं का गं? आला का आत?"