तिसऱ्या आग्रहाला हो

१ जानेवारी २०१५, सकाळी ६
संकल्प: या वर्षी इथल्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद घ्यायचं. कारण व्यक्तिगत नाही. चारुदत्त अध्यक्ष झाल्यापासून चारचा कार्यक्रम सव्वापाचला सुरू होतो. दिवाळीत माझं ‘सीझरचा उदय’ हे व्याख्यान जेवणाच्या रांगेच्या वेळी ठेवलं. श्रोते चार. त्यांतले एक हे, आणि हे झोपलेले.
सीझरच्याच पावलांनी वर जायचं. बी.ए.ला इतिहास होता, १९६८. सीझरचा उदय तोंडपाठ होता, शेवट ऑप्शनला टाकला होता. आपल्याला उदयाशीच काम आहे.
रोज अर्धा तास सीझर, अर्धा तास ट्रेडमिल.

२ जानेवारी
ट्रेडमिलवर कपडे वाळत आहेत. उद्यापासून.

९ जानेवारी
तरुण सीझरला चाच्यांनी पकडलं. घाबरला नाही. उलट त्यांनाच कविता ऐकवल्या, आणि दाद दिली नाही म्हणून रानटी म्हणाला. थोडक्यात, परिस्थिती कशीही असो, हुकूम आपला.
आज उणे अठरा. गाडी ड्राइव्हवेमध्ये बर्फात अडकली. हुकूम मी दिले, शोव्हल ह्यांनी केलं. मग शेजारच्या शोभाचंही केलं, न सांगता. मी म्हटलं, तुम्हाला धोरण म्हणून नाही. तर म्हणे, शोव्हल हातात होतंच.

१७ जानेवारी
मंडळाचा तिळगूळ. सीझरने लोकांना खेळ दाखवून जिंकलं, चांदीची चिलखतं घालून ग्लॅडिएटर उतरवले. मी प्रश्नमंजूषा ठेवली. बरोबर चारला सुरू केली. हॉलमध्ये मी आणि तिथला केअरटेकर टोनी. हे पार्किंगमध्ये बर्फ वितळायला मीठ टाकत होते.
पावणेपाचला लोक आले तोवर टोनीला बक्षीस देऊन झालं होतं. चारुदत्त म्हणाला, सुनेत्राताई, आपल्या मराठी प्रश्नमंजूषेत टोनी पहिला आला? बाकीच्यांनी शिकवणी लावायला हवी. सगळे हसले. सीझरलाही सुरुवातीला हसलेच असतील.
ट्रेडमिल: कपडे वाळले, पण घड्या व्हायच्यात.

१ फेब्रुवारी
सीझर तिघांची युती करून वर आला. माझी युती: मी, शोभा, हे. ह्यांना सांगायचं राहिलंय. शोभाला फोन केला. ती म्हणाली, अगं घे बाई ते पद, दीनानाथभावजींच्या घरासाठी मी काहीही करीन. माझ्या नेतृत्वाबद्दलच म्हणायचं असणार.

१६ फेब्रुवारी, फॅमिली डेची सुटी
सीझरने गॉल जिंकला. आमचा गॉल म्हणजे केंब्रिज, विलायतेतलं नव्हे, इथलंच हायवेवरचं गाव. मंडळाची तीस मतं तिथे, बरेचसे गाड्यांच्या कारखान्यातले इंजिनिअर. हायवेवर गाडी हे चालवतात, मी मार्गदर्शन करते.
जयदीप नावाच्या तरुणाकडे पंधरा जण जमले. मी वक्तशीरपणावर चाळीस मिनिटं बोलले. हे गराजमध्ये जयदीपचं बर्फ उडवायचं बंद पडलेलं यंत्र, स्नोब्लोअर, उघडून बसले. हळूहळू पुरुषमंडळी तिकडे गेली. मग त्यांना चहा द्यायला बायका गेल्या. भाषणाच्या शेवटी समोर जयदीपचं मांजर होतं. गराजमधून टाळ्या ऐकू आल्या. आवाज तिथपर्यंत पोचला म्हणायचा.
केंब्रिज काबीज.

८ मार्च
नात आली होती. ऊर्मी, वय अकरा. तिला डावपेच समजावला.
भर सणात सीझरला मुकुट देऊ केला. त्याने हाताने दूर सारला. पुन्हा दिला, पुन्हा सारला. लोकांनी जयजयकार केला. मीही दोनदा नको म्हणणार. आपल्यात पंगतीत जिलबी आली की पहिल्या फटक्यात कोणी हो म्हणतं का? नको म्हणायचं, वाढणाऱ्याने आग्रह करायचा, तिसऱ्या आग्रहाला पानात पडू द्यायची. तिसऱ्यांदा मुकुट घ्यायचा, ही सीझरला न सुचलेली माझी सुधारणा.
ऊर्मी म्हणाली, बट आजी, इफ यू वॉन्ट इट, जस्ट से येस. इथे वाढलेल्या मुलांना आग्रह कळत नाही. मग विचारलं, डिडन्ट दे स्टॅब हिम? तो भाग ऑप्शनला होता, असं सांगितलं.

१५ मार्च, दुपारी २
आज सभा आणि निवडणूक. सीझरला मारलं तो हाच दिवस, असा ऊर्मीचा फोन. मी अंधश्रद्धा मानत नाही.
इरकल नेसले, वर जाडजूड कोट, पार्का. आभाराचं भाषण पर्समध्ये, तीन पानं. हॉलला जाताना सिक्स्टीन माइल क्रीक लागते. सीझरनेही अशीच एक नदी ओलांडली. एकदा ओलांडली की माघार नाही.

दुपारी २.४०
पुलावरून परत आलो. ह्यांचा चष्मा राहिला होता.

संध्याकाळी ७
जसं घडलं तसं लिहिते.
निवडणूक अधिकारी कस्तुरी. इथेच जन्मलेली, एचआरमध्ये आहे. माझं नाव खुद्द चारुदत्ताने सुचवलं. म्हणाला, सुटलो. कस्तुरीने विचारलं. मी म्हटलं, छे, माझी कुठे एवढी लायकी! तिने पुन्हा विचारलं, आर यू शुअर, आंटी? मी हात वर करून दूर सारलं, अगदी सीझरसारखं. मान खाली घालून तिसऱ्या आग्रहाची वाट पाहिली.
कस्तुरी म्हणाली, आंटीने दोनदा नो म्हटलंय, लेट्स रिस्पेक्ट दॅट.
सगळ्यांनी रिस्पेक्ट केलं. शोभानेसुद्धा.
मग केंब्रिजच्या घोळक्यातून जयदीप ओरडला, दीनानाथकाका! हे मागे टोनीबरोबर कॉफीच्या थर्मासचं घट्ट झालेलं झाकण काढत होते. कस्तुरीने विचारलं, अंकल, विल यू? हे म्हणाले, हो, चालेल. एका झटक्यात! ना नको, ना आढेवेढे. पंगतीतही हे असेच जेवतात.
एकमताने निवड. मत मीही दिलं, सगळे बघत होते.
भाषण करा, असा आग्रह झाला. ह्यांना तो झाला! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून तीन पानं काढून दिली. चष्मा होताच. ‘एक स्त्री म्हणून आजवर मला डावललं गेलं’ हे वाक्यही ह्यांनी शांतपणे वाचलं. सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच.

२१ मार्च, गुढीपाडवा
कार्यक्रम बरोबर चारला सुरू झाला. ह्यांनी काहीही केलं नाही. निमंत्रणात तीनची वेळ छापली, एवढंच. मलाही सुचलं असतं, पण खोटी वेळ मी छापत नाही.
जेवताना कस्तुरी आली. म्हणाली, आंटी, वुड यू लाइक टु लीड... मी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. हो म्हटलं. पहिल्याच वेळी, मोठ्याने.
खुर्च्या-आवरा समिती. मी प्रमुख. सभासद अजून नाहीत. खुर्च्या एकशे दहा.
हे म्हणाले, मी लावतो हात. मी म्हटलं, नको, अध्यक्षांनी खुर्च्या उचलू नयेत. पुन्हा विचारलं, नक्की नको ना? नको म्हटलं.
बेचाळीस वर्षांचा संसार. तरी रिस्पेक्ट केलं, आणि गाडी गरम करायला गेले.