लोकाचं पोट्टं समजून पाह्यलेले फोटो

सन १९३८, माघ शुद्ध २, बुधवार
आले! माहे फोटो धुऊन आले! भावानं अकोल्याहून डब्बा कॅमेरा धाडला होता, त्यानं म्या सोता काढले — नातवाचे, उकंडाचे. रिसोडच्या पोरीवाल्यांनी मागतले. दोन सोयरिकी मोडल्या त्याच्या, ही तरी जमावी.
सारेच एकाहून एक! कोनता धाडू?

शुद्ध ३, गुरुवार
पुंजाजी, माहा लेक, म्हने, "बैलासंगचा धाड, माय. बैल काय डौलदार आला!" सून तुळसा म्हने, "कोटातला धाडा, आत्याबाई." कोट तिच्या भावाचा हाय ना! उकंडा म्हने, "आजी, एकबी नोको धाडू." येडा!

शुद्ध ५, शनिवार
कोनता धाडू ते इचाराले वाशीमले गेली. फोटो धुनारे खेमचंदजी म्हने, "आजी, आपुन काढला फोटो ज्याले त्याले गोडच लागते. परक्यानं काढला समजून पाहा."
लय राग आला. त्यायची सुपारीबी घेतली नाही.

शुद्ध ६, रविवार
परक्याचं पाहाची सवय मले कमी हाय काय! जलमभर लोकाच्या पोरी पाह्यल्या — चालून दाखव, केस सोड, हात पुढं कर. तशीच पाटावर बसली, फोटो मांडले. म्हटलं, हे लोकाचं पोट्टं हाय.
अरे देवा! कान सुपावानी. मान अशी आखडली, जसं पोलिसानं धरलं. एकात डोसकंच अर्धं! एकात डोळे मिटलेले — मले वाटलं होतं, पोट्टा देवाचं नाव घेऊन राह्यला. एवढी नावं म्या कोन्या पोरीले ठेवली नाहीत. हसून हसून पोट दुखलं.
त्यातल्या त्यात कमी वाईट तो धाडला. कोटातलाच निघाला. तुळसा दिवसभर मिरवून राह्यली.

वद्य २, बुधवार
निरोप आला — पोरगी पाहाले या! फोटोनं काम केलं! साऱ्या आळीत सांगून आली.

वद्य ५, शनिवार
उकंडाले तोच कोट घालून, तुळसाले संगं घेऊन रिसोडले जाऊन आलो. पोरगी कस्तुरा समोर बसली. चालून दाखव म्हनाले तोंड उघडलं, अन् निंगालं भलतंच — "बाई, फोटो कसा वाटला व?"
पोरीनं मान वर केली, उकंडाकडं पाह्यलं. म्हने, "फोटो वाईट हाय. मानूस बरा हाय."
बाप खेकसला, "कस्तुरे!" तुळसा कोटाकडं पाहे. उकंडा खदखदा हसला — पोट्टा हसला की बरा दिसते!
सुपारी फुटली. लगन जमलं. फोटोत म्या नापास.

वद्य ६, रविवार
माह्या फोटोवर एकच मानूस खरं बोललं, अन् त्यालेच म्या घरात आनून राह्यली! चार महिन्यांत घरची झाली का तेबी म्हनन — आजी, लय छान!