तुमच्या बंधूंची जिवणी

ती. वन्सं यांच्या चरणी,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून असं लिहिलंय खरं, पण गुडघ्यांमुळे हल्ली मी फक्त पत्रातच वाकते.) तुमची कंबर, तुमचा डावा डोळा आणि तुमचा तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, तिघंही आता त्रास द्यायचे थांबले असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "एक साधं चित्र काढायला इतके महिने लागतात होय गं?" मला फोनवर उत्तर सुचत नाही हे तुम्ही जाणताच. ते मला फोन ठेवल्यावर, भांडी विसळताना सुचतं. या वेळी भांडी बरीच होती, तेव्हा पत्र लांबेल. चष्मा लावून, निवांत बसून वाचा.

पहिलं म्हणजे, चित्रकला हा माझा हट्ट नव्हे. हे गेल्यावर मी दिवसभर खिडकीशी बसायला लागले आणि सूनबाईच्या कुंड्यांवर माझी सावली पडायला लागली. तिने परस्पर माझं नाव चित्रकलेच्या वर्गात घातलं. वर्ग बँकेच्या वर, दातांच्या दवाखान्याला लागून आहे. भिंतीपलीकडे कुणाची तरी दाढ कोरली जात असते आणि अलीकडे आम्ही सगळे माना खाली घालून अंडं काढत असतो. अंडं झालं की लाकडी ठोकळा, आणि ठोकळा जमला की स्वतःचा डावा हात. वन्सं, आपला डावा हात एकदा नीट बघा. ज्या हाताने आयुष्यभर पातेली धरली, मुलाचं बखोट धरलं, यांच्या पायाशी बसून यांची औषधं धरली, तो हात कागदावर उतरवायला गेले तर कुण्या परक्या बाईचा निघाला. आमचे सर माझ्या मुलाहून लहान आहेत, पण त्यांनी दाढी ठेवली आहे त्यामुळे ऐकावं लागतं. ते म्हणाले, "मावशी, माहीत आहे ते काढू नका. दिसतं ते काढा." मला हे वाक्य फार आवडलं. सगळा घात पुढे त्याच वाक्याने केला.

दर गुरुवारी सर आम्हाला बाहेर नेतात. त्याला ते प्रेरणेचा दिवस म्हणतात. पहिल्या गुरुवारी तळ्यावर गेलो, तिथली प्रेरणा मी आठवडाभर कोपरापर्यंत खाजवत होते. आमच्यात एक निवृत्त करअधिकारी आहेत, त्यांना मी मनात छत्रीवाले म्हणते. घडीची खुर्ची, घडीचं टेबल, घडीची तिकाटी आणि या सगळ्यावर धरायला एक हत्तीएवढी छत्री असा त्यांचा संसार. तो मांडून होईपर्यंत ऊन उतरतं, मग ते घड्याळाकडे बघून म्हणतात, "गेला उजेड!" आणि संसार आवरायला घेतात. दुसऱ्या गुरुवारी टेकडीवर गेलो तर हात पुढे केला तरी दिसू नये असं धुकं. सगळ्यांनी कोरे कागद परत आणले. सरांना त्यातल्या त्यात छत्रीवाल्यांच्या कोऱ्या कागदात संयम दिसला. माझ्या कोऱ्या कागदात काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही. (मला सवय आहे.)

पुढच्या गुरुवारी प्राणिसंग्रहालयात गेलो. बाकीचे वाघापुढे बसले. वाघ झोपला होता. मी करकोच्यापुढे बसले, कारण तिथे सावलीत बाक होता. चांगला दीड पुरुष उंच वाटावा असा तो पक्षी एका पायावर उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी दिसतं ते काढलं. चोच काढली, मान काढली, डोळा काढला. सर मागे येऊन उभे राहिले आणि हसायलाच लागले. "मावशी, हा एवढा कुणावर रागावलाय?" मी कागद लांब धरून बघितला. वन्सं, चोचीवरून तुमचे बंधू बघत होते.

तुम्ही रागावू नका. तुमच्या पाठचा भाऊ तो, तुम्ही त्याला कडेवर घेतलंय. पण मी त्यांना जसं पाहिलं तसंच सांगणार. वजनमापं तपासायच्या खात्यात माणसाची नजर बारीक होतेच, त्याला माझी ना नव्हती. पण ती नजर संध्याकाळी कचेरीत टेबलाच्या खणात ठेवून यायची असते, हे यांना कुणी सांगितलं नव्हतं. चहा, आमटी, मुलाचे गुण, माझ्या माहेरची माणसं, सगळ्यांकडे हे एक भुवई वर करून बघायचे आणि म्हणायचे, "कमी भरतंय." (माझं बोलणं तेवढं जास्त भरायचं.) लग्नाच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले तेव्हा मला वाटलं थट्टा करताहेत, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. मग मीही सोडून दिलं.

नेमका त्याच आठवड्यात तुमचा फोन आला. वर्गाला जातेस तर काही उपयोगाचं काढ, माझ्या बैठकीच्या खोलीत लावायला माझ्या भावाचं चित्र दे, आणि हे बघ, तो नेहमी हसायचा ना, तसाच काढ. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि "नेहमी" या शब्दाकडे बघत बसले.

तरी काढायला घेतलं. सकाळी घर रिकामं झालं की जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचा आणि बसायचं. कान जमले, कपाळ जमलं, भुवई तर आपोआप आली. संध्याकाळी मुलगा घरी आला. टेबलावरचं चित्र बघितल्याबरोबर त्याने हातातला फोन खिशात घातला आणि ताठ उभा राहिला. सूनबाईने बाहेरच्या खोलीत उगाच जळत असलेला दिवा पळत जाऊन बंद केला. खालचे औषधवाले कधी नव्हे ते वर आले होते, ते म्हणाले, "अगदी आता बोलतील असं वाटतं." म्हटलं, मलाही तीच धास्ती आहे.

पण तुम्हाला हसरे हवे होते. मी रबर घेतलं. ओठांचे कोपरे जरा वर केले तर एखाद्या दुकानदाराला तराजूत पकडल्यासारखे दिसायला लागले. तेवढं एक हसू मला तोंडपाठ आहे. चूक सापडल्यावरचं. ते पुसलं. गालाला खळी दिली तर दात दुखताहेत असं वाटे. (शेजारच्या दवाखान्याचा परिणाम असेल.) पुसून पुसून ओठांच्या जागी कागदाला भोक पडलं. मग फोटो धुंडाळले. आपल्याकडे फोटो कमी नाहीत, पण प्रत्येक फोटोत हे फोटोवाल्याचाच माल तपासताहेत. लग्नाच्या फोटोत मी यांच्याकडे बघतेय आणि हे हाराकडे. बहुधा फुलं कमी भरली होती.

इथे एक गोष्ट लिहायची की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. हे गेले त्यानंतर यांच्या कचेरीतली मंडळी भेटायला आली होती, तुम्ही तेव्हा आतल्या खोलीत पडला होतात. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेर एक जण म्हणाला, "आमच्यात यांच्याइतका हसवणारा माणूस नव्हता. डबा खायला बसलो की हसून हसून ठसका लागायचा." दुसऱ्याने, हे करायचे तशी, कुणाची तरी नक्कल करून दाखवली आणि त्या दुःखाच्या बैठकीतही सगळे हसले. वन्सं, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? ही माणसं चुकून भलत्याच घरी आली आहेत. मी चहा घेऊन बाहेर गेले तर सगळे एकदम गप्प झाले आणि माझ्याकडे बघून तोंडं पाडून बसले. म्हणजे कचेरीत हसून दमायचं आणि घरी विश्रांती घ्यायची, असा यांचा शिरस्ता होता. आणि तुमच्याकडे आले की, तुम्ही म्हणता, लोळून लोळून हसायचे. तुमच्याकडे येताना मी बरोबर नसायची, घराच्या राखणीला कुणीतरी हवं म्हणून. मी राखण केली. घर जागच्या जागी आहे.

सरांना सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की हसू जमत नाही. त्यांनी पुढच्या गुरुवारी सगळ्यांना भाजीबाजारात नेलं. छत्रीवाल्यांनी नेमकी रस्त्यात छत्री उघडली, तिचा दांडा टोमॅटोच्या पाटीत गेला, पाटी उतारावरून गेली आणि तिच्यामागे छत्रीवाले, तिकाटी आणि टोमॅटोवाली. समोरचा बटाटेवाला असा हसला, असा हसला, की त्याच्या मागची पोतीही हलायला लागली. मी पटापट त्याची जिवणी काढून घेतली. घरी येऊन नव्या कागदावर यांचं कपाळ, यांचे कान, यांचं नाक काढलं आणि खाली बटाटेवाल्याचं हसू बसवून रंग भरले.

मुलाने विचारलं, "आई, हे कोण?"

मी म्हटलं, "ओळखीचे आहेत."

ते चित्र मी स्वयंपाकघरात लावलं, रंग वाळेपर्यंत म्हणून. आता हसू नका, आणि हसलात तर मला कळवा. सकाळी चहा टाकताना ते गृहस्थ भिंतीवरून इतके मनापासून हसत होते की मी त्यांना विचारलं, "साखर बरोबर आहे ना?" दुसऱ्या दिवशी आमटी ढवळता ढवळता त्यांना सूनबाईच्या कुंड्यांची अख्खी हकिगत सांगितली. मी बोलत होते आणि काही जास्त भरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मला माझीच चीड आली. एवढी वर्षं ज्यांच्याबरोबर काढली त्यांच्याशी, त्यांची भुवई वर न जाता, एक शब्द बोलता आला नाही, आणि आता बटाटेवाल्याच्या तोंडापुढे बडबडतेय. चित्र उतरवलं, गुंडाळलं आणि कपाटाच्या वर टाकलं. भिंत उघडी दिसते, दिसू दे.

तेव्हा वन्सं, चित्राचं हे असं आहे. खरं चित्र तुमच्या भिंतीवर लावलंत तर तुमचा भाडेकरू भाडं वेळेवर देईल, पण तुम्हाला भाऊ मिळणार नाही. आणि खोटं चित्र मी देणार नाही. मला दिसतं तेच काढायला शिकवलंय आणि मला जे दिसलं नाही ते मी कुठून आणू? तुम्हाला मिळालेला भाऊ तुमच्याकडे असू द्या. माझ्या वाट्याचा माझ्या घरात आहे.

कळावे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, भाडेकरूला काही नाही.

आपली,
धाकटी भावजय

ता. क. पत्र फिरून वाचलं, तर फारच तिखट झालंय. पण पुन्हा लिहायला बसले तर आणखी तिखट होईल, म्हणून तसंच पाठवते. हे वाईट नव्हते. मी आजारी पडले की दवाखान्यात रात्रभर बाकावर बसून राहायचे. (भुवई वर करून, पण बसायचे.)

ता. क. दुसरं. तुमची भिंत कोरी बरी दिसणार नाही म्हणून सोबत करकोच्याचं चित्र पाठवते आहे. कुणी विचारलं तर प्राणिसंग्रहालयातला आहे म्हणून सांगा.

ता. क. शेवटचं. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसले होते. सगळे म्हणतात, तुमची जिवणी आणि यांची अगदी एकसारखी. माझ्यासमोर तुम्ही कधी हसला नाहीत. आपलं दोघींचं तिथवर कधी गेलंच नाही, त्याचा दोष कुणाचा ते आता राहू दे. कंबर बरी असेल तर चार दिवस इकडे या. वर्गाला सुट्टी घेते. तुम्ही त्यांच्या लहानपणीचं काहीतरी आठवा, ज्याने तुम्हाला हसू येईल असं, आणि माझ्यासमोर बसून एकदा पोट धरून हसा. कागद-पेन्सिल मी आत ठेवून येईन. काढायचं नाही आहे. नुसतं बघायचं आहे.