सात बंद दारांची कार्डे

दिनांक ६ फेब्रुवारी २०२४, मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. राज्यशास्त्र विभागातील कार्डांची कपाटे कोरड्या फडक्याने पुसता पुसता काम अर्धे टाकून मी हे मृत्युपत्र लिहायला बसलो. वय सव्वीस, शिक्षण नववीपर्यंत, सर्वेक्षणाची कार्डे भरण्याची व सांभाळण्याची नोकरी आठ वर्षे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, निदान जिवंत माणसाने तरी नाही. याआधी असा कागद केलेला नाही.

१. बँकेतील एकेचाळीस हजार रुपये आईला. तिने आधी डोळ्याचे ऑपरेशन करून घ्यावे. दादाला उसने देऊ नयेत.

२. सायकल दादाला. चारचौघांत मला भित्रट म्हणायचा, तरी त्यालाच. ब्रेक नवे आहेत.

३. सरांनी दिलेले शाईपेन त्यांच्या मुलीला परत. ते बाळगण्याची माझी लायकी नाही.

कारण असे. सरांनी चौतीस वर्षे शिकवले, दोनदा विभागप्रमुख झाले, पण त्यांचे खरे काम एकच: दर पाच वर्षांनी त्याच दोनशे घरांत जाऊन तेच नऊ प्रश्न विचारणे आणि उत्तरे कार्डावर उतरवणे. मत कोणाला, का, भीती कोणाची. नियम असा, की तीन वेगवेगळ्या दिवशी दार वाजवायचे. माणूस वारला असेल तर कार्डावर लाल रेघ. "मेलेल्याला मत नसतं बाळा," सर म्हणायचे. "त्याच्या वतीने बोलतो तो पुढारी. आपण नाही."

४. मागच्या फेरीत सात घरे बंद होती. मी एकदाच गेलो आणि ती कार्डे ग्रंथालयाच्या पायरीवर बसून मनानेच भरली. शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या कार्डावर लिहिले, "मला आता कोणाचीच भीती नाही." सरांनी शेवटच्या पुस्तकातले अखेरचे प्रकरण या सात जणांवर उभे केले. निरोपाच्या भाषणात मावशींचे वाक्य त्यांनी दोनदा वाचून दाखवले. मी मागच्या रांगेत टाळ्या वाजवल्या. गेल्या वर्षी सर वारले.

५. नवी फेरी सुरू झाली. काल दुपारी मावशींकडे गेलो. दार त्यांनीच उघडले.

"ये. मला आता कोणाचीच भीती नाही."

"मावशी, मी अजून काही विचारलं नाही."

"मागच्या वेळी तरी कुठे विचारलं होतंस? लिही की!"

खालच्या दुकानदाराला सांगितले, मावशी भेटल्या. तो म्हणाला, "कोणत्या मावशी? त्यांना जाऊन सात वर्षं झाली. खोलीला कुलूप आहे." उरलेली सहा दारेही उघडली. सहाही ठिकाणी माझीच वाक्ये.

आज कपाटात माझ्या नावाचे कार्ड सापडले. अक्षर सरांचे. नऊही उत्तरे बरोबर. वर आडवी लाल रेघ. बोट लावले तर शाई ओली.

६. म्हणून शेवटची इच्छा: ती सात कार्डे खोटी आहेत हे जाहीर करावे आणि पुस्तकाची नवी आवृत्ती त्या प्रकरणाशिवाय काढावी. दोष सरांचा नाही, माझा.

साक्षीदार पहिल्या: विभागप्रमुख मॅडम. "वेड लागलंय का रे तुला?" म्हणाल्या. मग पूर्ण वाचले, छापखान्याला फोन करून पुस्तकाची चालू असलेली छपाई थांबवली आणि माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: सरांच्या पत्नी. पेन हातात धरून त्यांनी विचारले, "ह्यांना माहीत होतं का रे?"

"नाही, बाई."

"होतं. जायच्या आदल्या आठवड्यात सातही घरी जाऊन आले. मी विचारलं, कोणी भेटलं का? म्हणाले, सगळे भेटले. सगळे एकच विचारत होते, आमच्या तोंडी हे कोणी घातलं?"

"मग सर काय म्हणाले?"

"म्हणाले, मी."

बाईंनी सही केली. त्याखाली माझी.

विभागाची खोली. तारीख वरीलप्रमाणे, दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटे.