‘पहिला गिअर’नंतर

प्रिय नदीम,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. तुझे इद्रिसचाचा तुझा नवा नंबर देत होते, मीच घेतला नाही. मेसेज केला असता तर ‘मजेत, तू कशी’ एवढं टाइप करून तू सुटला असतास. म्हणून म्हसळ्याचा, तुझ्या मामूंच्या दुकानाचा पत्ता मागून घेतला. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच. घाई नाही.

पत्राची सुरुवात अशी करू नये, पण मी फार दमलेय रे. झोपून उठलं तरी जात नाही असा थकवा. तू बँड सोडून गेलास त्यानंतरच्या दिवाळीत आपलं ‘पहिला गिअर’ हे गाणं बाहेर आलं आणि चार महिन्यांत असं पसरलं की आमचा आमच्यावरच विश्वास बसेना. खोपोलीत रिक्षात तेच, जिममध्ये तेच. कर्जतच्या फार्महाउसवर शनिवार-रविवार कोणाची हळद असो की कंपनीची पार्टी, तेच. बाकीची गाणी कोणाला नकोच असतात. नवं काही सुरू केलं की लोक मोबाइल बघत बसतात आणि ‘पहिला गिअर’ म्हणून ओरडतात. नवीनने गिटार नवी घेतली, तौकीरला इलेक्ट्रॉनिक ड्रम आले, मला लोक नाक्यावर थांबवून फोटो काढायला लागले. पहिले काही महिने खरंच छान होते. ते नाकारत नाही.

ते गाणं झालं तो दिवस आठवतो? लोधिवलीला चाचांच्या गोदामात मंडपाचे बांबू आणि स्पीकरच्या पेट्या यांच्यामध्ये आपण जागा करून घेतली होती. तू घाट उतरून आला होतास, एका ट्रेलरच्या मागे अडकून, आणि वैतागायच्या ऐवजी खुशीत होतास. उताराच्या पाटीवर लिहिलं होतं, पहिल्या गिअरमध्ये चला. हेल्मेट न काढताच सिंथवर ती धून वाजवलीस, वळणावळणाने खाली येणारी. नवीन म्हणाला, “फार साधं हाय रं.” तू म्हणालास, “घाटपण चढताना साधाच वाटतो.” मग आवाज इतका वाढवलास की वरचे पत्रे थरथरायला लागले, आणि आपण सगळे वेड्यासारखे हसत होतो. चाचा बाहेरून दार वाजवत होते म्हणे. कोणालाच कळलं नाही.

त्यानंतर तू चुकायला लागलास. तू कधी न चुकणारा. नवीन चिडून म्हणायचा, “लक्ष कुठं हाय तुझं?” आणि तू नुसता हसायचास. एक दिवस ‘मन लागत नाही’ म्हणालास आणि निघून गेलास. सिंथ तिथेच ठेवून. फोन केले, वाजून वाजून बंद झाले. गाणं गाजलं तेव्हाही केला, वाटलं आज तरी उचलशील. नाही उचललास. मग आम्ही ठरवूनच टाकलं की तुला राग आलाय, तुझ्या धुनेवर आम्ही मोठे झालो म्हणून. तुझी धून लॅपटॉपवरून वाजायची आणि मी दर वेळी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत गायचे. गाणं त्यामुळे चांगलं व्हायचं, हे पण खरं.

गेल्या हिवाळ्यात चौक गावाजवळ एक कार्यक्रम होता आणि साउंड चाचांचा होता. साउंडचेक झाल्यावर ते स्वतः चहा घेऊन आले. मी विचारलं, “चाचा, नदीम अजून रागावलाय?” त्यांनी कप खाली ठेवला. “राग कसला, पोरी? त्याला ऐकू येत नाय. फोन वाजतो ते पण नाय कळत. आता मशीन लावतो, पण त्याच्यात पण निम्मंच.” ते स्टेजकडे, आपल्याच काळ्या पेट्यांकडे बघत म्हणाले, “माझेच भोंगे. मीच चावी दिली तुमाला गोदामाची.” मग म्हणाले, “तुला सांगू नको, नवीनला तर नायच, अशी शपथ घातलीय त्याने.” मी त्यांचा हात धरला तर हात थंडगार होता. त्या संध्याकाळी मी गायले. तुझ्याशी भांडायचं काही उरलं नव्हतं, म्हणून नुसते शब्द म्हटले. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या.

शपथेमुळे मी कोणाला सांगितलं नाही. तुलाही लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचेना.

मार्चमध्ये पळसदरीला, धरणाच्या बाजूच्या फार्महाउसवर, एका लग्नाचं संगीत होतं. पुन्हा पुन्हा तेच गाणं मागत होते. नवरदेवाच्या मित्रांसाठी एकदा, मग मामा-मावश्यांसाठी, मग उशिरा पोचलेल्यांसाठी. कितव्यांदा तरी मी तुझी धून संपायच्या आधीच गायला सुरुवात केली. नवीन जवळ आला, त्याचे ओठ हलले, मला काही ऐकू आलं नाही. मग त्याच्या हाताकडे बघत कसंबसं कडवं पुरं केलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. सगळे माझ्यापेक्षा मोठ्याने गात होते. त्या गाण्याला आता आपली कोणाचीच गरज राहिलेली नाही, नदीम. ते आपलं आपण चालतं.

दुसऱ्या आठवड्यात मी बँड सोडला. गळा बसतोय, असं सांगितलं. नवीन म्हणाला, “एक सीझन काढ गं, आत्ता तर कुठं नाव झालंय.” नंतर घरी येऊन आमच्या ओट्यावर बसून राहिला, चहासुद्धा प्याला नाही. वाईट नाही तो. आता कर्जतचीच एक मुलगी गाते. आवाज गोड आहे. कार्यक्रम एकही रद्द झाला नाही. आई म्हणाली, “बरं झालं, आमी काय उपाशी हाय का?” आणि माझ्यासाठी काढे करायला लागली. मी रोज पिते.

गळा ठणठणीत आहे. पनवेलच्या डॉक्टरांनी त्या काचेच्या खोलीत बसवून कान तपासले. डावा कान जवळजवळ गेलाय, उजव्याचं काही खरं नाही, आणि दिवसभर आत एक शिट्टी वाजत असते. गेलेलं परत येत नाही म्हणाले. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतेय. आई स्वयंपाकघरातून हाका मारते, मी येत नाही, आणि तिला वाटतं गाणं सुटलं म्हणून मी रुसून बसलेय. काल ताट माझ्यासमोर ठेवून ती पदराने डोळे पुसत आत गेली. आता तिला सांगायलाच हवं, आणि रोज संध्याकाळी मी तोंड उघडते आणि दुसरंच काहीतरी बोलते. तू हे केलंयस. चाचांना सांगितलंस तेव्हा पहिलं वाक्य काय होतं, तेवढं मला लिहून पाठव.

वाट बघणारी, तुझीच,
नम्रता